शेवटी एरंडोल

माझी थोरली बहीण, अक्का, सावद्याहून रोज बसने जळगावला शेक घ्यायला यायची. गळ्याचा कॅन्सर. शेक म्हणजे किरणांचं मशीन, पण पेशंट त्याला शेकच म्हणतात, जणू गरम पाण्याची पिशवी. मी त्याच हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघते, त्यामुळे इथेच ये म्हणून तिच्या मागे मीच लागले होते. माझ्याकडे राहा म्हटलं तर नको. घरी केळीच्या वेफर्सचा धंदा, आणि कढई दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही. भांडून भांडून माझा घसा बसला. शेवटी म्हटलं, बरं बाई, ये-जा कर, पण एक दिवस चुकवायचा नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तेच बजावलं होतं. मध्ये खंड पडत गेला तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग तिच्या तोंडात फोड आले. पातळ खिचडी जाईना, थुंकी गिळतानासुद्धा डोळ्यांतून पाणी यायचं. त्यात तो मुखवटा. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला अडकवतात. अक्का आयुष्यात कुणाला घाबरली नव्हती, त्या जाळीला घाबरायची. आत जाताना माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, कारण तिला आत ढकलणारी मी. ‘आता पुरे व बाई,’ एवढंच म्हणायची. मी म्हणायचे, थोडेच राहिले. खरं तर बरेच राहिले होते.

किरणं कुठून सोडायची, किती सोडायची, याचा प्रत्येक पेशंटचा एक प्लॅन असतो. तो प्लॅन मशीनच्या पोटात नसतो. तो असतो आमच्या धुळ्याच्या शाखेतल्या मशीनरूममध्ये, एका डिस्कवर. प्लॅन उघडला नाही तर मशीन कितीही धडधाकट असो, पेशंटला हात लावता येत नाही.

आता या डिस्कची भानगड सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. सर्व्हर डिस्कना जी नावं देतो ती रांगेतल्या जागेसारखी असतात. जी आधी दिसली ती एसडीबी, तिच्यामागची एसडीसी, मग एसडीडी. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की रांग बदलू शकते. रिक्षा स्टँडवर सकाळी पहिली उभी असलेली रिक्षा दुपारीही पहिलीच असेल असं थोडंच आहे, तसं. खरी जागा ज्या कपाटाएवढ्या यंत्रात असते त्याला स्टोरेज म्हणतात, आणि ते आपल्या प्रत्येक भागाला एक लांबलचक नंबर देतं. आकडे आणि ए ते एफ अक्षरं. हा नंबर कधी बदलत नाही, रिक्षाच्या पाटीसारखा. सर्व्हरवरची एसडीसी म्हणजे स्टोरेजमधला नेमका कोणता भाग, हे तो नंबर जुळवून ठरवायचं, हे माझं काम.

सर्व्हर मला जळगावात बसून दिसतो. स्टोरेजचा पडदा मात्र फक्त धुळ्याच्या त्या खोलीत दिसतो, आणि खोलीत मोबाईल न्यायला बंदी. का, तर सुरक्षितता. ज्याने हा नियम काढला त्याला एकदा तो नंबर फोनवर वाचून दाखवायला लावला पाहिजे. फोटो पाठवायची सोय नाही, भिंतीवर एक जुना फोन, त्यात खरखर. बी, डी, ई सगळं एकसारखं ऐकू यायचं. म्हणून मी गावं लावली होती. ए अमळनेर, बी भुसावळ, सी चाळीसगाव, डी धरणगाव, ई एरंडोल, एफ फैजपूर. सहा अक्षरं आणि सहाही आपल्याच मुलखातली. मला याचं मेलं भारी कौतुक वाटायचं. धुळ्याचे आधीचे सहकारी आणि मी वर्षानुवर्षं असंच बोलत होतो. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे गृहस्थ आले. शांत, कामाला चोख, कधी उलट बोलायचे नाहीत. त्यांना म्हटलं, गावाचं पहिलं अक्षर घ्यायचं. ते म्हणाले, समजलं ताई.

तो शनिवार होता. आमच्याकडे शनिवारीही शेक असतो. स्टोरेज भरत आलं होतं आणि प्लॅनची एक जुनी प्रत उगाच जागा अडवून बसली होती, ती सोडवायची होती. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबतं, तेव्हा हे काम उरकायचं ठरलं. दोन भाग, एक चालू आणि एक जुना, एकाच आकाराचे, एकाच दिवशी केलेले. नंबरात फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. चालू भागाच्या शेवटी ए, जुन्याच्या शेवटी ई. मी सर्व्हरवर नंबर दोनदा बघितला, जुनी डिस्क वापरातून काढली आणि फोनवर म्हणाले, ‘शेवटी एरंडोल आहे तो भाग सर्व्हरपासून तोडा.’

‘शेवटी एरंडोल,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘तोडी टाका, ताई.’

म्हणजे तोडून टाकला. माझ्या पडद्यावर लाल ओळी धावायला लागल्या. गेली होती ती चालू डिस्क, एसडीसी. जुनी तशीच बसलेली.

मी फोन कानाशी घट्ट धरला. म्हटलं, ‘अहो, काय तोडलंत?’

‘एरंडोलवाला.’

‘नक्की?’

‘बठ्ठं बरोबर शे ताई. समोर दिसतंय ना, शेवटी एरंडोल.’

सगळं बरोबर आहे, हे ते इतक्या ठामपणे म्हणाले की माझा माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला. त्यांनी एरंडोल काढलं असेल तर अमळनेर आपोआप गेलं, म्हणजे स्टोरेजच बिघडलं. नेमकं याच क्षणी. त्यांना दिवे बघायला लावले, वायरी हलवून बघायला लावल्या. सगळे दिवे हिरवे. मग वाटलं, सर्व्हरच जुनं काहीतरी दाखवतोय. तो बंद करून चालू केला. वर येईपर्यंत मी खुर्चीत बसून देवाचं नाव घेत होते, आणि मी देवाचं नाव घेणाऱ्यांतली नाही.

सर्व्हर वर आला आणि पडद्यावर एसडीसी दिसली. आली म्हणून मी टेबलावर हात मारला. मग तिचा नंबर बघितला. शेवटी ई. रांग बदलली होती आणि जुनीच डिस्क पुढे सरकून चालूच्या जागी येऊन बसली होती. मी नुसत्या नावावर गेले असते आणि तीच जोडून दिली असती तर अक्काच्या अंगावर कुठला जुना हिशोब चालला असता कुणास ठाऊक. मी ती जोडली नाही. तेवढ्यात मशीन चालवणारी मुलगी दारात आली.

‘मॅडम, प्लॅन उघडत नाहीयेत. बाहेर पेशंट बसलेत. काय सांगू?’

माझ्या काचेतून बाहेरचं बाकडं दिसतं. अक्का पदराने तोंड झाकून बसली होती, पायाशी तिची पिशवी. दिवसभरात पोटात कपभर ताक गेलं असेल. जेवणानंतर पहिला नंबर तिचाच होता.

‘थांबायला सांग,’ मी म्हणाले.

‘किती वेळ?’

‘मला विचारू नकोस. थांबायला सांग.’

स्टोरेजच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, तक्रार नोंदवली आहे, इंजिनिअर संपर्क करतील. कधी करतील? लवकरच. त्याला दोन शब्द सुनावले, त्याचा उपयोग शून्य. पुन्हा धुळे. पुन्हा तेच. एरंडोल काढलं? काढलं. शेवटी एरंडोलच होतं ना? एरंडोलच होतं. आम्ही दोघं एकच शब्द एकमेकांकडे टोलवत होतो आणि दर वेळी आमचं पटत होतं. रोजची प्रत घेतलेली होती म्हणावं, तर ती परत आणून, तपासून पेशंटवर वापरायला किती दिवस लागतील हे मला चांगलं माहीत होतं. तेवढे दिवस अक्का थांबणार नव्हती. एकदा तिचं येणं सुटलं की सुटलं. मला रडू फुटत होतं आणि त्या गृहस्थांच्या शांत आवाजाचा संताप येत होता.

मग तेच अगदी संकोचाने म्हणाले, ‘ताई, एक विचारू का? इथे एक भाग अजून जोडलेला दिसतोय, त्याच्या शेवटी ई आहे. पण ई वरून आपल्याकडे गावच नाही. त्याला काय म्हणू?’

मी पेन उचललं आणि समोरच्या कागदावर एरंडोल लिहिलं.

‘एरंडोल कोणत्या अक्षराने सुरू होतं?’

‘एरंडोल? ए ने.’

‘आणि अमळनेर?’

‘तेही ए नेच ना, ताई.’

त्यांचं काय चुकलं? मराठीत लिहा, एरंडोलला पहिला ए च येतो. गावाच्या पाटीवर इंग्रजीत तेच नाव ई ने लिहितात, आणि मी वर्षानुवर्षं त्या पाटीकडे बघूनच बोलत होते. आधीचे सहकारीही तसेच. म्हटलं, ‘भाऊ, गावं सोडा. शेवटी ए, एडक्यातला नाही, एबीसीडीतला पहिला. तुम्ही जो तोडलात तोच. तो परत जोडा.’ त्यांच्या लक्षात आलं तसा त्यांचा श्वास मला फोनवर ऐकू आला. त्यांनी लगेच जोडून दिला.

डिस्क आली. नंबर मी अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचला. भाग नुसता तुटला होता, आतलं काही हललं नव्हतं. तपासणी झाली, त्या मुलीने आतून हात केला, प्लॅन उघडला, अक्काचं नाव पडद्यावर. मी तोंडाला ओढणी लावून पोटभर रडले आणि तिला आत घ्यायला बाहेर धावले.

बाकडं रिकामं होतं.

‘त्या मावशी गेल्या,’ मुलगी म्हणाली. ‘मी सांगितलं होतं, आज होईल की नाही सांगता येत नाही. मग उठल्याच.’

फोन लागेना. रिक्षा करून बसस्टँडवर गेले तर सावद्याची बस सुटलेली. पुढची पकडली. नशिराबादपर्यंत मी उभीच होते आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. थोडा वेळ बसली असती तर काय बिघडलं असतं? मरायचंच आहे का तुला? हा शेवटचा प्रश्न मी भुसावळ येईपर्यंत इतक्यांदा विचारला की मला त्याच्या उत्तराची भीती वाटायला लागली.

घरी पोचले तर अक्का ओट्यावर बसून केळी सोलत होती. चेहरा हलका. कितीतरी दिवसांत मी तिला अशी बघितली नव्हती.

‘का निघून आलीस?’ मी ओरडलेच. ‘सुरू झालं होतं. तुझंच नाव पहिलं होतं.’

तिने सुरी खाली ठेवली. तोंडातल्या फोडांमुळे ती हळू बोलायची.

‘पोरगी बोलली, बंद पडलं. मले इतकं बरं वाटलं व. म्हटलं, बसून राह्यली तं सुरू व्हईन. म्हणून पळाली.’

मी दुपारभर जिवाचं रान करत होते आणि ही बाहेर बाकड्यावर बसून ते सुरू होऊ नये म्हणून प्रार्थना करत होती.

ती थोडी पुढे वाकली. आवाज आणखी खाली आणून, लहान मुलाने शाळेबद्दल विचारावं तसं तिने विचारलं, ‘तू तथीच काम करते ना? सोमवारी बी बंद ठेवता येईन का? एकच दिवस.’

मी आयुष्यभर तिच्याशी भांडत आले. त्या वेळी मात्र भांडले नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि केळी सोलायला लागले.

सोमवारी ती आली. येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आली. बाकड्यावर आपल्या जागी बसली, पिशवी पायाशी ठेवली. मी काचेतून बघत होते. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला ती काहीतरी विचारत होती. मशीन सुरू आहे का, हेच. नर्सला विचारलं, वॉर्डबॉयला विचारलं. मग तिला मी दिसले. ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडे अशा आशेने बघायला लागली की मी पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. पडद्यावर सगळं हिरवं होतं, सगळे नंबर जुळलेले होते. मी दार उघडून तिच्यापर्यंत गेले, तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, सुरू आहे.