बदकतोंड्याचं पूर्ण नाव

आमची मावशी म्युझियममध्ये कामाला होती. पेंढा भरलेल्या प्राण्यांची धूळ झटकायची, आणि शाळेची मुलं आली की एकेका कपाटापुढे उभं राहून नावं सांगायची. सगळ्यांत लाडका तिचा बदकतोंड्या. अंग केसाळ, तोंडाला बदकाची चोच. लोक त्याला प्लॅटिपस म्हणतात. मावशी मात्र पूर्ण नाव घ्यायची, ऑर्निथोरिंकस अनाटिनस, एका दमात, शेजारणीला हाक मारावी तसं.

मग तिला झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. म्युझियमचा साहेब माणूस वाईट नव्हता, घरी येऊन म्हणाला, लोकांच्या पिशव्या ठेवून घ्यायच्या खिडकीवर बसा, पगार तोच. मावशीनं मान हलवली, नाही. तिला तिचा हॉल हवा होता. शेवटी साहेब म्हणाला, शाळा उघडायच्या आत एक तरी पूर्ण नाव नीट घेऊन दाखवा, हॉल तुमचा.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आधी आई, पाणी एवढं म्हणू या. मावशी बदकतोंड्यावरच अडून बसली. मॅडमनी हात टेकले आणि नाव फोडून दिलं. ऑर, नि, थो, रिं, कस. एकेक तुकडा सुटा, जोर रिंवर. मावशीनं धूळ झटकायचा ब्रश डाव्या हातात घेतला आणि पलंगावरच्या ब्लँकेटवर फिरवायला लागली, प्राण्याच्या अंगावर केसांच्या दिशेनं फिरवायची तसाच. एका तुकड्याला एकदा फिरवायचा, रिं आला की लांबलचक. दिवसभर तेच. धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरातून म्हणायची, "ताई, नाव घेतेयस की मला शिव्या घालतेयस?" मावशी वाकड्या तोंडानं हसायची आणि पुन्हा ऑरपासून सुरू. हळूहळू यायला लागलं. चहा म्हणता येत नव्हता, पण ऑर्निथोरिंकस यायचं.

साहेबानं बोलावलं त्या दिवशी परीक्षेला ब्रश कशाला म्हणून तो घरीच ठेवला. तिथंच चुकलं. कपाटापुढे उभी राहिली, "ऑर" म्हणाली, आणि पुढे काही नाहीच. पुन्हा ऑर. पुन्हा ऑर. डावा हात नुसता हवेत फिरत होता. साहेब खाली बघायला लागला.

सोबत आलेल्या धाकटीला त्या हाताकडे बघून कळलं. ती पुढे झाली आणि मावशीकडे पाठ करून उभी राहिली.

"घे ताई. फिरव."

मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. ऑर. नि. थो. आणि रिंला असा जोर लावला की धाकटी काचेवर आदळता आदळता राहिली. कस. मागोमाग अनाटिनस पण आलं, न बोलावता.

साहेब म्हणाला, "हॉल घ्या बाई, पण बहिणीला जपा."

तेव्हापासून मावशी मुलांना पण तसंच शिकवायची. रांगेत उभी करायची, पुढच्याच्या पाठीवर हात, आणि सगळी रांग एका सुरात. गुदगुल्या व्हायच्या, पण नाव यायचं.

मागच्या महिन्यात दुसरा झटका आला, त्यात ती गेली. आदल्या दिवसापर्यंत हॉलवर उभी होती. ब्लँकेटवर एक पट्टा गुळगुळीत झालाय, ते धुवायला काढायचा धीर होत नाही आम्हाला.

धाकटी तिचं सामान आणायला गेली तेव्हा हॉलमध्ये नवीन बाई होती. मुलांना सांगत होती, हा प्लॅटिपस, चला पुढे. धाकटी म्हणाली, पूर्ण नाव सांगा की. बाई ओशाळली, म्हणाली, जीभच वळत नाही हो.

धाकटीनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाठ केली.

"हात फिरवा. ऑरपासून."