ओळख विचारली तेव्हा

महिपत मुळात वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. मला तर अजून येतो. लांज्याकडच्या गावातून तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायला रत्नागिरीत आला, तेव्हा एक वळकटी आणि पान्यांची पिशवी एवढंच त्याचं बिऱ्हाड. मिरकरवाड्याच्या बंदरावर त्यानं अहमदभाईंचं बंद पडलेलं इंजिन चालू करून दिलं आणि अहमदभाईंनी राजिवड्यातल्या आपल्या घराची मागची खोली त्याला दिली. दोन महिन्यांसाठी म्हणून राहिला तो बावीस वर्षं.

हौसा लग्न होऊन त्याच खोलीत आली. मुलगी संस्कृती झाली तेव्हा सासूबाई गावाला भातलावणीत अडकलेल्या, म्हणून बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घातलं ते अहमदभाईंच्या बायकोनं, मैमुनाभाभींनी. महिपतची संकष्टी असली की भाभी त्या दिवशी मागच्या पडवीत सुकी मासळी पसरत नसत. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

गेल्या वर्षी महिपतनं शहराबाहेर नाचणे गावाच्या बाजूला फ्लॅट घेतला. भाभी बघायला आल्या आणि लिफ्ट बघूनच हरखल्या. गुडघे पार गेलेले, राजिवड्याच्या घरात माडीवर जायचं तर बसत बसत चढायच्या. त्यात समोरचाच फ्लॅट विकायला निघालेला. मुलगा झैन कुवेतला, पैशांची अडचण नव्हती. अहमदभाई म्हणाले, "महिपत, परत शेजारी होऊया रे." महिपतलाही मनापासून आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

फ्लॅटचा मालक सोसायटीच्या कमिटीला विचारल्याशिवाय कुणाला देणार नव्हता. कमिटीनं महिपतला बोलावलं. त्याचं स्वतःचं सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट तेव्हा सहीसाठी टेबलावरच पडलेलं. सेक्रेटरी शेट्ये म्हणाले, "समोरच्यासाठी राजिवड्याचं कुटुंब आलंय. तुम्हीही तिकडचेच ना? कशी आहेत माणसं? तुम्ही सांगाल ते मालकाला कळवतो."

"आणखी किती पाहुणे यायचेत तुमचे तिकडून?" एकानं चिमटा काढला, आणि बाकीचे हसले.

झालं. एवढ्यावर गडी गारठला. सांगायचं काय होतं? माझ्या पोरीची पहिली अंघोळ त्या बाईच्या पायांवर झाली, एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं. पण आपल्यालाही हे लोक तिकडचाच धरतील, सही लटकवतील, अशी धास्ती मनात शिरली आणि हा म्हणाला, "राहायचो तिकडे. पण तशी नीटशी ओळख नाय."

महिन्याभरात समोर चिपळूणचं एक कुटुंब राहायला आलं. महिपतचं सर्टिफिकेटही आलं. ते त्यानं कपाटात कपड्यांच्या खाली घातलं आणि परत काढून बघितलं नाही. बंदरावर अहमदभाई रोज भेटायचे, वर यालाच समजवायचे, "नशिबात नव्हतं रे. तू कशाला जीवाला लावून घेतोस?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्याचं झालेलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघालो आपण, असं हौसाला सांगायला चारदा तोंड उघडलं आणि चारदा मिटलं.

मग वास्तुशांत आली. गावाहून थोरला भाऊ रामा आला, शेट्ये आणि शेजारी आले, अहमदभाई आणि भाभीही आल्या. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान महिपतच्या घराण्याचा, आणि घर त्याचं, म्हणून पूजा आटोपल्यावर नारळ हातात घेऊन तोच उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरानं घर केलंय. त्याची राखण कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"कुणाची वाईट नजर पडली असंल तर ती दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कळत-नकळत काय चुकलं असंल…" इथे तो अडखळला. नकळत हा शब्द त्याला पुढे जाऊ देईना. मग डोळे मिटून म्हणाला, "नकळत नाय, म्हाराजा. ज्यांच्या घरात बावीस वर्षं काढली, त्यांची ओळख नाय म्हणून मी कळून सांगितलं. तेवढं पदरात घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी सवयीनं खणखणीत साथ दिली. शेट्यांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा. गाऱ्हाण्यातलं वाक्य कोण कान देऊन ऐकतो? नारळ फुटला, बायका पानं मांडायला उठल्या. महिपतला क्षणभर वाटलं, सुटलो.

मैमुनाभाभी मात्र दाराजवळच्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. त्यांनी हातानं त्याला जवळ बोलावलं.

"आम्हाला माहीत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "शेट्यांनीच अहमदना सांगितलं, तुमचा माणूसच ओळख नाय म्हणतोय. अहमद म्हणाले, त्याला कळू द्यायचं नाय, पोर कष्टी होईल."

महिपत त्यांच्या पायांशी खाली बसला.

"आणि आज गाऱ्हाणं देवाला घातलंस होय?" भाभी म्हणाल्या. "फ्लॅट काय देवाला घ्यायचा होता?"