‘पाद्र्याची गाय’ आणि ‘ओला शनिवार’

विमानतळावरून दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या त्याच्या घरी जाताना माझा धाकटा भाऊ मकरंद कुठली इमारत जगात कशात पहिली आहे ते सांगत होता. मी मान डोलावत होतो. मागच्या सीटवर पुतणी इरा व्हायोलिनची पेटी पोटाशी धरून बसली होती. संध्याकाळी ती एका हॉटेलात आयरिश मंडळींच्या सेशनमध्ये (गोलात बसून केलेलं वादन) पहिल्यांदा वाजवणार होती. तिच्या आयरिश शिक्षिकेने मायदेशी परतण्यापूर्वी तिला एकच रील (नाचाची वेगवान धून) पक्की शिकवली होती, ‘ओला शनिवार’.

घरी खिचडी आणि लबान (तिथलं ताक) समोर आलं, तेवढ्यात मोबाइलवर सेशनवाल्यांचा निरोप आला: सुरुवात ‘पाद्र्याची गाय’ने, इरानेही साथ द्यावी.

इराने ताट सरकवलं. “काका, आय डोन्ट नो दॅट वन. आय ॲम नॉट गोइंग.”

“अगं, बो तारांना न टेकवता नुसता वरून फिरव,” मकरंद म्हणाला. “मी मीटिंगमध्ये तेच करतो.”

“बाबा!”

“यल्ला, निघा,” भावजय म्हणाली. “नाही जमलं तर ऐकून या.”

हॉटेलात सोनेरी खुर्च्या आणि भाषणं होती. एका वक्त्याने संगीताला पूल म्हटलं, दुसऱ्याने खिडकी. तिसऱ्यासाठी बांधकामातलं फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळे तो लवकर आटोपला.

मग गोल जमला. इरा व्हायोलिन मांडीवर ठेवून खाली बघत होती. शॉन नावाच्या पांढऱ्या दाढीवाल्या म्होरक्याने काहीच जाहीर न करता पायाने ठेका धरला आणि वाजवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने इराची बोटं मांडीवरच हलू लागली. तिने चमकून वर पाहिलं, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि सुरांत घुसली. मकरंदने इतका मोठा सुस्कारा सोडला की पुढच्या रांगेतले पाहुणे वळले.

“ही तर ‘ओला शनिवार’!” इरा नंतर शॉनला म्हणाली.

“तुझ्या बाईंच्या गावात असेल,” तो हसला. “माझ्या गावात ‘पाद्र्याची गाय’, नदीपलीकडे ‘विधवेची टोपी’. आम्ही एरवी नाव सांगतच नाही, सरळ वाजवतो. हॉटेलवाल्यांना कार्यक्रमपत्रिका हवी होती, म्हणून हा घोळ.”

परतताना इराने कार्यक्रमातले उरलेले सगळे समोसे गाडीत खाल्ले.

पुण्याला घरी परतल्यावर बायकोने विचारलं, “काय वाजवलं मग पोरीने?”

मी टेबलावर ठेका धरून गुणगुणू लागलो.

“अहो, नाव विचारलंय!”

मी गुणगुणतच राहिलो.