गावपळणीचा इव्हेंट

इव्हेंट हा शब्द मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवला, आणि आता तो नुसता कानावर पडला तरी मला जागेवर बसवत नाही. उठून दोन फेऱ्या माराव्या लागतात. आमच्या घरातल्यांना माझ्या फेऱ्यांची सवय आहे. मी निवृत्त झालो तेव्हा आई म्हणाली होती, आता अंगणातली जमीन झिजतली.

शाळेत हा शब्द साधा होता. घडलेली गोष्ट, ती इव्हेंट. क्रीडामहोत्सवात लांब उडी ही एक इव्हेंट आणि गोळाफेक ही दुसरी. सातवीच्या पुस्तकात एक धडा होता, त्यात आगीबद्दलची सूचना होती: ‘इन द इव्हेंट ऑफ फायर’. दर वर्षी कोणीतरी उठून विचारायचं, “सर, म्हणजे आगीचा कार्यक्रम?” मी समजवायचो की इथे त्याचा अर्थ ‘तसं झालंच तर’. आणि मग, विद्वत्ता दाखवायची खोड असल्यामुळे, मुळापर्यंत जायचो. जुन्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बाहेर येणं. पोटात असतं ते बाहेर येतं, म्हणजे घडतं. मुलं वहीत लिहून घ्यायची आणि विसरायची. परीक्षेत येत नसे ना.

आता शब्द बदलला. म्हणजे शब्द तोच, त्याचं जोडीदार क्रियापद बदललं. पूर्वी इव्हेंट घडायची, आता इव्हेंट करतात, आणि बाई होती ती बुवा झाली: ‘तो इव्हेंट’. तारकर्लीकडे जाताना रस्त्याच्या कडेला फलक आहेत, ‘इव्हेंटसाठी जागा मिळेल’. बारसं, साखरपुडा, साठी, सगळं त्यात बसतं. पण मराठी माणसाने त्याला एक शेपूटही लावलंय. ‘त्याने आपल्या बापाच्या बाराव्याचा इव्हेंट केला’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. हा वाक्प्रचार नेहमी दुसऱ्यासाठी वापरतात. ‘मी इव्हेंट केला’ असं कबूल करणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. मीही हे शेपूट सढळ हाताने वापरायचो, शेजाऱ्यांवर, पुढाऱ्यांवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या भाचीवर.

गणपतीनंतर आईच्या छातीत दुखलं. कणकवलीला नेलं. डॉक्टरांनी कागदाची लांबलचक पट्टी बोटांनी सरकवत मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “सर, हार्टचा एक छोटा इव्हेंट होऊन गेलाय. घाबरायचं नाही, पण दगदग नको.” ज्या शब्दावर मी मुलांना हसवत आलो तो त्यांनी इतक्या सहज उच्चारला की मी दवाखान्याच्या व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या. गाडीत आईने विचारलं, “काय म्हणालो डाक्तर?” मी म्हटलं, “काय नाय. पोटात वारो धरललो.” तिने खिडकीबाहेर बघितलं. तिला खरं वाटलं की नाही, मला सांगता येत नाही.

आणि नेमकं ते वर्ष गावपळणीचं निघालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बाजूच्या काही गावांत काही वर्षांनी सगळा गाव घरंदारं बंद करून शिवेबाहेर जातो. देवाने हुकूम दिला की निघायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, एकही जीव आत ठेवायचा नाही. तीन दिवस गाव देवाच्या स्वाधीन. माळावर झावळ्यांच्या खोपी बांधून राहायचं, चौथ्या दिवशी देवाला कौल लावायचा आणि त्याने हो म्हटलं की परत. शिवेवर नारळ ठेवून ढोल वाजला की आत पाऊल टाकायचं नाही.

मी या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही. हे मी वर्गात सांगितलंय, पारावर सांगितलंय, मानकऱ्यांच्या तोंडावर सांगितलंय. हे मानकरी म्हणजे शिवेवर नारळ ठेवायचा मान असलेले ऐंशीच्या घरातले गृहस्थ. ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, “मास्तरानू, खोप खंय बांधतास?” कारण दर वेळी मी सगळ्यांच्या आधी खोप बांधायचो. आईसाठी, असं मी म्हणायचो. लग्न होऊन आल्यापासून आईची एकही गावपळण चुकलेली नव्हती.

या वेळी मी तिला म्हटलं, तू नांदगावला जा, लेकीकडे. पंखा आहे, कमोड आहे, डॉक्टर जवळ आहे. गावाबाहेर असलीस म्हणजे झालं, देवाची काय तक्रार असणार?

“तीन दिस दुसऱ्याच्या घरात पावणी म्हणान ऱ्हवाक माका काय गाव नाय?” ती म्हणाली. “मी खोपीत ऱ्हवतलंय.”

झालं. त्या दिवसापासून माझा जीव वरखाली. रात्री उठून तिचा श्वास ऐकायचा, दिवसा रक्तदाबाचं यंत्र घेऊन तिच्या मागे फिरायचं. ती वैतागून म्हणायची, बस रे जरा, तुझ्या पायांका काय झाला?

त्यात भाची आली. हीच ती नांदगावच्या बहिणीची मुलगी. मुंबईला इव्हेंट कंपनीत नोकरी करते, म्हणजे इतरांची लग्नं लावते. ती आजीसाठी रजा काढून आली होती, पण आल्या आल्या म्हणाली, “मामा, केवढा भारी इव्हेंट आहे हा! सगळा गाव एकदम बाहेर. मी शूट करणार.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तिला इव्हेंट आणि परंपरा यावर अर्धा तास दिला. ती शेंगा सोलत ऐकत होती. मग तिची नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर मी वेळापत्रक लावलं होतं. क्रीडामहोत्सवाचं लावायचो तसंच, लाल आणि निळ्या शाईत. आठ वाजता भांडी आणि अंथरुणं, टेम्पो. नऊ वाजता गाय. साडेनऊला कोंबड्या. साडेअकराला आई, भाचीची गाडी. त्यापुढे औषधांच्या वेळा.

“मामा,” ती म्हणाली, “आमच्या ऑफिसात पण एवढं नीट कोणी करत नाही. तुम्हीच तर इव्हेंट केलाय याचा.”

ती चेष्टेत म्हणाली, मला ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं असणार, पण तेव्हा कोण कबूल करतो.

निघायच्या दिवशी सकाळी ती अंगणात गुरं निघाल्याचं चित्रीकरण करत होती. मी तिला म्हटलं, आईच्या गोळ्या घेतल्यास का? ती म्हणाली, एक मिनिट मामा. त्या एका मिनिटाने माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, “आईचं मी बघतो. मी आणतो तिला. तू तुझा इव्हेंट कर.” गोळ्यांचा डबा मी माझ्या पिशवीत टाकला आणि टेम्पोत जाऊन बसलो.

एवढंच झालं. रागाने एक वाक्य बोललो आणि पुढच्या दहा मिनिटांत ते विसरलो. खोपीच्या झावळ्या वाऱ्याने उडाल्या होत्या, त्या बांधायच्या होत्या. खांब कलला होता. गाय दावं तोडू बघत होती. डोक्यात भिंतीवरचं वेळापत्रक पक्कं: साडेअकरा, आई, भाचीची गाडी. मी घड्याळ बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता निघाली असेल, आता पुलाजवळ आली असेल.

ढोल वाजला. शिवेवर नारळ ठेवला गेला. लोक आपापल्या खोपीत शिरले, चुली पेटल्या. भाची घामाने थबथबून आली आणि खोपीत डोकावली.

“मामा, आजी कुठेय?”

“तुझ्या गाडीत.”

“तुम्ही आणणार होतात ना?”

सकाळचं माझं वाक्य मला तेव्हा आठवलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. आम्ही दोघं धावत शिवेपाशी गेलो.

शिवेपाशी कोणीही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितोय. कोणी मला अडवलं नाही. रस्त्यावर एक नारळ होता, त्याच्याभोवती हळदकुंकू, आणि पलीकडे आमचाच रस्ता, आमच्याच दगडी गडग्यांमधून जाणारा. घर तिथून चालत दहा मिनिटं. घरात माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई, छातीत एक इव्हेंट होऊन गेलेली, आणि तिच्या गोळ्या माझ्या पिशवीत. सगळा गाव रिकामा. कुत्र्याचा आवाजही नाही. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि माझा पाय उचलेना.

मला भीती वाटली. देवाची की लोकांची, ते मी तेव्हा तपासलं नाही आणि आज तपासायची हिंमत होत नाही. मी भाचीला म्हटलं, “थांब. मानकऱ्यांना विचारून येतो. असं परस्पर जाणं बरं नाही.” हे मी म्हटलं, पस्तीस वर्षं मुलांना विज्ञाननिष्ठा सांगणाऱ्या मास्तराने. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली, नारळाला वळसा घातला आणि आत पळत सुटली.

आणि मी उलट्या दिशेने पळालो. मानकऱ्यांची खोप माळाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. ते नुकतेच पेजेला बसले होते. मला नीट बोलता येत नव्हतं, धाप लागली होती. त्यांनी ऐकलं, हातातला चमचा खाली ठेवला.

“आवस भितर ऱ्हवली आणि तू माका इचारूक इलंस?”

मी शिवेकडे बोट दाखवलं.

“देव काय आवशीक सोडून ये म्हणता रे?” ते म्हणाले. एरवी मला ‘मास्तरानू’ म्हणणारा माणूस त्या दिवशी मला अरेतुरे करत होता. ते उठले, काठी घेतली आणि पेज तशीच टाकून माझ्याबरोबर चालू लागले. त्यांच्या चालीने यायला वेळ लागत होता आणि त्यांना सोडून पुढे पळायचं धैर्यही मला होत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा आई शिवेच्या या बाजूला रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसली होती. मांडीवर कोंबडी. भाची तिला पाणी पाजत होती. झालं होतं असं की एक कोंबडी कमी भरली म्हणून आई परसात गेली होती. ती माडाच्या बुडात अंडी घालायला बसलेली. तिला पकडून आई पुढे आली तर मी तिला नेलं असं समजून भाचीने घर बंद केलेलं आणि अंगण रिकामं. ती पायरीवर बसून राहिली. मग ढोल ऐकू आला, तशी उठून चालू लागली. भाचीला ती निम्म्या वाटेवर भेटली.

“खंय होतंस रे?” आईने मला विचारलं.

“हयच,” मी म्हटलं.

मानकरी माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी घसा खाकरला आणि कोंबडीकडे बघितलं.

आईला काही झालं नाही. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला निघाला. पुढचे दोन दिवस ती खोपीच्या दाराशी ऐटीत बसून होती आणि खबर घ्यायला माळावरचे सगळे येत होते. मी आत काहीतरी करत असायचो. एकच खांब किती वेळा ताणून बांधला कोण जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी मानकरीही चहाला आले. शेजारच्या खोपीतली बाई आपल्या मुलाला घेऊन बसली होती. तिने विचारलं, “काकी, तुमी भितर ऱ्हवलात ता खराच?”

“माका कोंबयेपायी उशीर झालो,” आई म्हणाली. “झीलाक मीच सांगलंय, तू फुडे जा. मगे तोच धावत इलो. हाताक धरून हाडल्यान माका.”

तिला हाताला धरून आणणारा मुलगा, म्हणजे मी, आत होतो, पण झावळ्यांच्या भिंतीतून सगळं दिसत होतं. भाची लसूण सोलत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बाईने मानकऱ्यांकडे बघितलं, शिवेचा नेम मोडला म्हणून ते काही बोलतील या अपेक्षेने.

“व्हय तर,” मानकरी बशीत चहा ओतत म्हणाले. “माझ्या म्होरच गेलो.”

“झील असो व्हयो,” ती बाई आपल्या मुलाला म्हणाली.

मला तेव्हाच बाहेर येऊन सांगायला हवं होतं. सांगणार होतो. तोंडात वाक्य तयार होतं. पण ते सगळे चहा पीत होते, आणि मी खांबाची दोरी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

सगळे गेल्यावर मी आईजवळ जाऊन बसलो. भाची पाणी आणायला गेली होती. म्हटलं, “आये, खोटां कित्याक सांगलंस?”

तिला राग आला नाही. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. माझा पाय हलत होता, तो तिने दाबून धरला.

“खोटां कसला? तू येणारच होतंस मां,” ती म्हणाली. “जरा उशीर झालो, इतक्याच.”

मग ती माझ्याकडे बघत राहिली. मी हो म्हणावं एवढीच तिची अपेक्षा होती. मला ते एक अक्षर उच्चारता आलं नाही. तिने माझ्या गुडघ्यावरचा हात काढला आणि कोंबडीला दाणे टाकायला उठली.