पाहुण्यांची सतरंजी

मला घरात सगळे संशयी म्हणतात. असेन. पण ज्या पोरीकडे सबंध घर संशयाने पाहत होतं, तिनं दुसरं काय शिकावं?

मोताळ्याकडचं आमचं गाव. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा, आणि आमच्या घराचा कारभार बाबांच्या आवाजावर. माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं तेव्हा पहिले पाहुणे आले ते धाडचे. मुलगा शांत होता, मला आवडला होता. मी पाणी दिलं, नमस्कार केला, सतरंजीच्या कोपऱ्यावर बसले. जरा वेळात नाकाचा शेंडा खाजायला लागला, मग टाळू, मग डोळे. मुलाच्या मामानं सुपारी तोंडात टाकली आणि "पोरगी तं चांगली हाय" म्हणायला सुरुवात केली, तोच मी शिंकले. एकदा नव्हे, शिंकतच राहिले. नाकातून पाण्यासारखी धार. मामानं बाकीचं वाक्य सुपारीबरोबर गिळलं. "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच.

दुसऱ्या पाहुण्यांच्या वेळी तेच. गावात लोक विचारायचे, कुठं माशी शिंकली? माशीचं कशाला नाव घ्यायचं, मीच शिंकले होते.

बाबांना वाटलं मी ढोंग करते. "काऊन वं, मुद्दाम सोंग करून राह्यली काय?" काकूला वाटलं मला छातीचा रोग आहे, आणि काकूला वाटलेलं विहिरीवरच्या सगळ्या बायांना कळायचं. मला मात्र काकूचाच संशय होता. तिला तपकिरीची सवय. तिला तिच्या भावाची पोरगी आधी उजवायची होती. माझ्या पदराला ही तपकीर लावत असेल, असं मी धरून चालले. पाहुणे यायचे त्या दिवशी मी पदर हुंगून मगच लुगडं नेसायचे.

बाबांनी शेवटी सांगून टाकलं, आता जो हो म्हणेल त्याच्या घरी पाठवीन. तेव्हा माझं धाबं दणाणलं. शिंक कशानं येते ते मलाच शोधायला हवं होतं.

वेचणी होऊन कापूस खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. त्यात तोंड खुपसून पडून राहिले. केसांत बोंडाचा कचरा अडकला, शिंक नाही. मांजर मांडीवर घेऊन तिच्या पाठीवर नाक घासलं. ती चिडली, मी ठणठणीत. झेंडूची फुलं चुरगळून पाहिली. ज्वारी फुलोऱ्यात असताना शेताच्या बांधावर, धुऱ्यावर मला शिंका यायच्या हे आठवलं, पण पाहुणे तर ज्वारी खळ्यावर आल्यानंतर यायचे. मग काकूची डबी चोरून चिमूटभर तपकीर ओढली. शिंका आल्या, छप्पर उडेल अशा, पण लगेच थांबल्या. टाळू खाजली नाही, डोळे लाल झाले नाहीत. ही शिंक वेगळी होती. काकू तेवढ्यापुरती सुटली. बाकी गोष्टींत माझा तिच्यावरचा संशय आजही कायम आहे.

पडसं म्हणावं तर अंगात कणकण नाही, आणि पडसं काय पाहुण्यांची वाट पाहून येतं?

एकदा आईनं कांदे काढायला माळ्यावर पाठवलं. कांद्याच्या टोपलीआड सतरंजी गुंडाळून ठेवली होती. फक्त पाहुण्यांसाठी काढायची, एरवी वर्षभर तिथंच धूळ खात पडायची. टोपली ओढताना ती हलली आणि माझं नाक खाजलं. मी संशयी खरी, एका पुराव्यावर कोणाला फाशी देत नाही. दुसऱ्या दिवशी सतरंजी खाली ठेवून नुसतीच माळ्यावर बसले. काही नाही. खाली येऊन सतरंजीत नाक घातलं, आणि तीच धार, तेच डोळे. मग ती होती तशी परत माळ्यावर ठेवली.

जेवताना मी हे सांगितलं. काकू हसली. बाबा मात्र खूश झाले, कारण त्यांनी दुसरबीडकडचं एक स्थळ पक्कं धरलं होतं. मोठी शेती, बारमाही विहीर. नवरदेव बिजवर, त्याची थोरली लेक माझ्याएवढी. "मंग सतरंजी झटकून उन्हात टाका," बाबा आईला म्हणाले. "या वक्ती शिंक नाही पाह्यजे."

"झटकीन मी," आई म्हणाली.

मला वाटलं होतं, निदान आई काही बोलेल.  उलट तिनं सपासप घर सारवलं, पोहे निवडून ठेवले, शेजारणीकडून पितळी ताट आणलं. मी रात्रंदिवस तिच्याकडे बघत होते. हीसुद्धा बाबांना सामील. सतरंजी तेवढी माळ्यावरून खाली आली नव्हती, पण मला वाटलं, कामाच्या घाईत राहून गेलं असेल, शेवटच्या दिवशी झटकेल. माझा शोध मलाच भोवला होता. आता शिंकही येणार नव्हती.

पाहुण्यांचा छकडा वेशीपाशी आल्याचं कोणी तरी सांगत आलं. बाबा अंगणात पगडी नीट करत होते. तिथूनच ओरडले, "सतरंजी झटकली काय?"

"हाव, झटकली," आईनं आतून उत्तर दिलं.

मग ती माळ्याची शिडी चढली. जाळीजळमटांसकट तशीच गुंडाळी खाली आणली आणि माझ्या हातात दिली.

"जशी हाय तशी आंथर," ती हळूच म्हणाली. "अन् कोपऱ्यात नोको बसू. मधात बस."