हळदणकरांचे शुक्रवार

नंदकुमार हळदणकर वाशीला राहायला आले तेव्हा त्यांच्या इमारतीतल्या निम्म्याहून जास्त दारांना कुलपं होती. ज्यांना सोडतीत घरं लागली होती त्यांतले पुष्कळ लोक मुंबई सोडायला धजत नव्हते. खाडीपलीकडे कोण जाणार, असं म्हणत चाळीतच राहिले होते. हळदणकर मात्र आले, कारण तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि लालबागहून रोजची ये-जा झेपेनाशी झाली होती. बायको वैजयंती आणि मुलगी सुमेधा, एवढाच संसार. स्वयंपाकघरात उजेड येतो याचं वैजयंतीला फार अप्रूप होतं. दिवसा दिवा लावावा लागत नाही, हे ती आल्यागेल्याला सांगायची.

तो उजेड तिला जेमतेम दीड वर्ष मिळाला. अठ्ठ्याहत्तर साली कावीळ झाली आणि पंधरवड्याच्या आत ती गेली. दिवस झाले, नातेवाईक परतले. सावंतवाडीची आत्या सुमेधाला घेऊन जाते म्हणत होती. "तिची शाळा आहे," एवढंच हळदणकर म्हणाले.

मूळचेच ते अबोल. घरातलं बोलणं वैजयंती करायची, आता ते सुमेधाकडे आलं. आठवीतली ती पोर संध्याकाळी भाताचं आधण ठेवता ठेवता शाळेतलं सगळं सांगायची आणि हळदणकर ओट्याला टेकून ऐकायचे. मधूनच "मग?" म्हणायचे. इमारतीखाली अजून रस्त्यावरचे दिवे लागले नव्हते. खाडीकडून वारा यायचा, दारं आपटायची. त्या सगळ्या जिन्यात आवाज म्हणावा असा एक सुमेधाचाच होता.

मुलगी हुशार आहे हे त्यांना ठाऊक होतं. किती हुशार, ते कळायला दहावी यावी लागली. गणितात एकही गुण गेला नाही. शाळेच्या सुनीतीबाईंनी तिला प्रज्ञाशोध परीक्षेला बसवलं होतं, त्यातही ती निवडली गेली. बारावीला विज्ञान शाखेत मुंबई विभागातल्या मुलींमध्ये तिचं नाव अगदी वर लागलं. सुनीतीबाई मुद्दाम घरी आल्या.

"हळदणकर, हिला फिजिक्स करायचंय. इथं कॉलेज निघालंय, चांगलं आहे, पण हिनं पुण्याला जावं. तिथं पुढचंही होईल."

"पुण्याला आमचं कोणी नाही."

"होस्टेल आहे की. अशा गुणांच्या मुलीला शिष्यवृत्त्या मिळतात. फक्त त्या शोधाव्या लागतात. कोणी घरी आणून देत नाही."

ते काम हळदणकरांनी अंगावर घेतलं. प्रज्ञाशोधाची शिष्यवृत्ती होतीच, पण तेवढ्यावर होस्टेल, खाणावळ आणि पुस्तकं भागणार नव्हती. त्यांच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी असे. बाकी मुंबई त्या दिवशी चालू, हे सोयीचंच होतं. सकाळीच गुणपत्रिकेच्या टाइप केलेल्या नकला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कापडी पिशवीत घालून ते बसने खाडी ओलांडायचे. विद्यापीठाच्या फलकांवरच्या सूचना वाचायच्या, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत ट्रस्टांचे पत्ते मिळतात असं कोणी सांगितलं की तिकडे जायचं, मग ते पत्ते शोधत फोर्ट, गिरगाव, माटुंगा पालथं घालायचं.

कुठे ज्ञातीच्याच मुलांना मदत मिळायची. कुठे फक्त इंजिनियरिंग-मेडिकलला. कुठे मुदत आदल्याच आठवड्यात संपलेली असायची. माटुंग्याच्या एका ट्रस्टमध्ये गुणपत्रिका पाहून कारभारी खूश झाले, खुर्ची दिली, चहा मागवला. मग नाव नीट वाचलं.

"अहो, ही मुलगी आहे."

"हो."

"मग हिला फिजिक्स कशाला? चार वर्षांनी सासरी जाईल. एखाद्या मुलाचं आयुष्य उभं राहील त्यात."

हळदणकरांनी नकला गोळा केल्या. ते उठले. चहा तसाच राहिला. घरी सुमेधानं विचारलं तेव्हा म्हणाले, "ऑफिस बंद होतं." त्या रात्री जेवताना मात्र ते नेहमीचं "मग?" म्हणायला विसरले आणि सुमेधाच्या ते लक्षात आलं.

अखेर फोर्टातल्या एका ट्रस्टकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. जुन्या दगडी इमारतीत वरच्या मजल्यावर ऑफिस. विश्वस्त म्हणून एक वयस्कर बाई बसल्या होत्या, पांढरी साडी, जाड भिंगांचा चष्मा. हळदणकरांना त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि मध्ये बोलायचं नाही म्हणून बजावलं. सुमेधाला खूप प्रश्न विचारले. लोलकातून प्रकाश का फुटतो, इथपासून फावल्या वेळात काय वाचतेस, इथपर्यंत. सुमेधा न अडखळता उत्तरं देत गेली.

शेवटी बाईंनी कागद बाजूला ठेवले. "घरी कोण कोण आहे?"

"मी आणि बाबा."

"तू गेलीस तर बाबांचं कोण बघणार?"

तिथे सुमेधा अडकली. तिनं वळून दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

"माझं मी बघतो," हळदणकर दाराजवळून म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मानखुर्द मागे पडलं, खाडीचा पूल लागला. सुमेधा खिडकीशी होती.

"बाबा, मी वाशीच्याच कॉलेजात जाते. बीएस्सी इथून करते, एमएस्सीला बघू पुण्याचं. संध्याकाळी घरी येईन, म्हणजे तुम्हालाही..."

"मला काय?"

"म्हणजे, तुम्ही एकटे..."

"तुझ्या हातचा भात मिळाला नाही म्हणून मी मरत नाही," हळदणकर म्हणाले. "मला कोणाची गरज नाही. उलट मला निवांत होईल. हा विषय पुन्हा काढू नकोस."

आयुष्यात ते तिच्याशी असं कधी बोलले नव्हते. सुमेधानं तोंड खिडकीकडे फिरवलं. वाशीचा स्टॉप आला तरी ते वळलं नाही. शिष्यवृत्ती मंजूर झाली, तिची ट्रंक भरून झाली, एसटी स्टँडवर ती पाया पडली. या सगळ्यात ती जरुरीपुरतंच बोलत होती. गाडी हलली तेव्हा तिनं हात केला. हळदणकरांनीही केला आणि गाडी वळेपर्यंत तो खाली घ्यायचं त्यांना भान राहिलं नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांनी रोज दोघांचा भात टाकला. मुद्दाम नव्हे, हाताला तेच माप बसलं होतं. मग उरलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात न्यायला लागले. कारखान्यात स्टोअरमध्ये त्यांच्या हाताखाली सुलेमान होता, उरणकडचा, त्यांच्याहून थोडा लहान. तो म्हणाला, "रोज फोडणीचाच भात, नंदूभाऊ? आमच्याकडचा डबा घ्या की. मच्छी हाय." हळदणकर नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुलेमाननं न विचारता तळलेल्या बांगड्याचा तुकडा त्यांच्या डब्याच्या झाकणात ठेवला. तिथून पुढे दुपारचं जेवण दोघं एकत्र करू लागले.

दुपार निभायची. संध्याकाळचं काय करावं हे मात्र त्यांना समजत नसे. घरी येऊन रेडिओ लावायचे, बातम्या संपल्या की बंद करायचे. सुमेधाची पत्रं यायची. अभ्यास, प्रयोगशाळा, पुण्याची थंडी. शेवटी "तब्येतीची काळजी घ्या". उलटटपाली हळदणकर लिहायचे, "इकडे सर्व ठीक." त्यापुढे पेन चालायचं नाही. ओट्याला टेकून ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला कागदावर काय मांडायचं ते कळत नव्हतं. दिवाळीला ती आली की घर थोडं भरायचं, पण आधणाजवळच्या त्या गप्पा काही परत आल्या नाहीत. ती परक्या घरी आल्यासारखी हळू आवाजात बोलायची आणि भांडी कुठे ठेवलीत म्हणून विचारायची.

मधल्या वर्षांत वाशी बदलली. इमारतीतली कुलपं एकेक करून उघडली, खाली दुकानं आली, जिन्यात चपलांची गर्दी झाली. शेजारीपाजारी सगळे नवे, तरुण. त्यांच्या लेखी हळदणकर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे एकटे राहणारे काका. एक तरतरीत मुलगी कधी काळी या घरात मोठमोठ्यानं बोलायची, हे आठवणारं जिन्यात कोणी नव्हतं.

सुमेधा बीएस्सीला पहिली आली, एमएस्सीलाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं फी माफ करून वर विद्यावेतन देऊ केलं. विमानाच्या तिकिटासाठी हळदणकरांचे शुक्रवार पुन्हा सुरू झाले. या वेळी ते सराईत झाले होते. कुठल्या ट्रस्टचा अर्ज कधी निघतो, कुठे पैसे कर्जाऊ देतात, कुठे परतफेडीशिवाय, हे त्यांना तोंडपाठ होतं. तिकिटाची सोय झाली.

जायच्या आदल्या दुपारी सुमेधा बॅग भरत होती. हळदणकर लोणच्याची बरणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून देत होते. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? त्या दिवशी बसमध्ये तुम्ही मला तसं तोडून का बोललात? मी पाच वर्षं त्याचाच विचार करतेय. मला वाटायचं, तुम्हाला मी नकोच झाले होते."

हळदणकरांनी बरणी खाली ठेवली. पिशवीची गाठ त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

"तू अजून एकदा म्हणाली असतीस," ते शेवटी म्हणाले, "तर मी तुला राहू दिलं असतं."

सुमेधा खाली बसली. पदरानं डोळे पुसायची तिची सवय नव्हती, मनगटानं पुसले. मग ती बोलू लागली. होस्टेलमध्ये पहिलं वर्षभर ती जेवणघरात एकटीच बसायची, मुली बोलवायच्या तरी हिला जावंसं वाटायचं नाही. एकदा ताप आला होता तो तिनं कळवला नव्हता. तिला कोणीतरी आवडलं होतं आणि तेही नीटसं जमलं नाही. हळदणकर ऐकत होते. मधेच ते "मग?" म्हणाले, आणि ती रडता रडता हसली. पण हातात एकच दुपार होती. संध्याकाळी सुनीतीबाई आणि शेजारचे निरोप द्यायला आले, घर माणसांनी भरून गेलं आणि बोलणं तिथंच थांबलं.

पुढच्या वर्षी सुलेमानची मुलगी मेहरुन बारावीला उत्तम गुणांनी पास झाली. सुलेमान तिला घेऊन वाशीला आला. पोरगी दारात संकोचून उभी होती.

"तुमी सुमेधाचं केलंत तसं हिचं बघा," सुलेमान म्हणाला. "हिची आई भिते. पोर लांब जाईल म्हनते."

"ती खरंच लांब जाईल," हळदणकर म्हणाले. "घर खायला उठतं, सुलेमान. मी तुला खोटं सांगणार नाही."

"मग नको म्हनता?"

"नको कुठं म्हणतोय? पिशवी आणली आहेस का? कागद दाखव."

ट्रस्ट तोच, जिना तोच. जाड भिंगांच्या बाई आता हयात नव्हत्या, त्यांच्या जागी दुसरे कोणी होते. सुलेमान पोरीबरोबर आत गेला, हळदणकर बाहेरच्या बाकावर बसले. आतून मेहरुनचा आवाज येत होता, आधी बारीक, मग हळूहळू मोकळा होत गेलेला. बापलेक बाहेर आले ते हसतच. निवड झाल्याचं तिथल्या तिथेच सांगितलं होतं.

"चला नंदूभाऊ, हिला ड्रेसचं कापड घ्यायचंय क्रॉफर्ड मार्केटात. मग जेवूनच जाऊ."

"तुम्ही जा," हळदणकर म्हणाले. "आज तुमचा दिवस आहे."

सुलेमाननं आग्रह केला, पण पोरीनं त्याचा हात धरून ओढला तसा तो निघाला. दोघं गर्दीत दिसेनासे होईपर्यंत हळदणकर पायरीवर उभे होते.

वाशीला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. घरी जायची घाई नव्हती. स्टॉपजवळ आसपासच्या गावातली एक म्हातारी माठाच्या भाजीच्या जुड्या घेऊन बसली होती. हळदणकरांनी तीन जुड्या उचलल्या.

"येवरी भाजी?" म्हातारीनं विचारलं. "घरान कोन कोन हाय?"

"मी एकटाच."

"मंग एक नेस ना. सुकून जाल."

"असू दे," ते म्हणाले आणि तिच्यासमोरच्या दगडावर टेकले. "तू कुठली, शिरवण्याची का?"

म्हातारी सांगू लागली. गेलेली शेतं, मिठागरं, कारखान्यात लागलेला एक मुलगा आणि न लागलेला दुसरा. गिऱ्हाईक आलं की थांबायची, मग पुन्हा सुरू करायची. भाजी मांडीवर घेऊन हळदणकर ऐकत बसले. तिनं टोपली आवरायला घेतली, तेव्हा कुठे ते उठले.