अक्ष बदलून बघ

वामकुक्षीत डोळा लागता लागता छतावरचा पंखा लांब लांब जातो आणि मी भौतिकशास्त्र विभागाच्या बोळात उभी असते. समोर पोतनीस मॅडम. पीएच.डी.च्या माझ्या मार्गदर्शक, फाल्गुनात गेल्या. मी स्मशानात शेवटपर्यंत होते, तरी तोंडातून निघतं, "मॅडम, बरं वाटतंय ना आता?"

"मला काय धाड भरलीये?" त्या म्हणतात.

मला हसू येतं आणि लगेच भीती वाटते. बोळ आता दवाखान्याचा झालाय. टोकाला दार नाही, नुसता काळोख. फरशीच्या सगळ्या रेषा तिथे एका ठिपक्यात गोळा होतात.

आम्ही कृष्णविवरांवर काम करायचो. गणितात अनंत आलं की मॅडम म्हणायच्या, अक्ष बदलून बघ. ध्रुवावर सगळी रेखावृत्तं एकत्र येतात, म्हणून काही पृथ्वीला तिथे भोक पडत नाही. दोष नकाशाचा. बरीच अनंतं अशी पळून जायची. मला वाटतं, मरणही तसंच निघेल. अक्ष बदलला की मॅडम घरी.

"वेडाबाई, अवकाशाची वक्रता काढ," त्या म्हणतात. "ती कुठल्याही अक्षांनी तेवढीच येते."

मी भिंतीवर बोटाने गणित मांडते. पुसते, पुन्हा मांडते. अनंतच येतं. इथे नकाशा फाटलेला नाही, जमीनच संपलीय. पुढे काय, ते आमच्या समीकरणांना ठाऊकच नाही.

"मॅडम, मागे फिरा ना!"

"फिरून उपयोग नाही गं. माझ्यासाठी तो ठिपका आता एक जागा राहिला नाही. उद्यासारखा झालाय. कुठेही वळले तरी येणारच."

आणि त्या खरोखरच वळतात, माझ्याकडे चालत येतात, तरीही लांब जातात. मी धावत जाऊन त्यांचं मनगट पकडते. हाताला घड्याळाचा पट्टा लागतो. माझेही पाय घसरू लागतात.

"सोड, ऋजुता. तू अजून अलीकडे आहेस."

"नाही सोडणार."

"कधी ऐकलंयस का माझं!" म्हणत त्या दुसऱ्या हाताने पट्ट्याचं बकल काढतात.

मी किंचाळत उठते. खिडकीत ऊन आहे. आई स्वयंपाकघरातून धावत येते. "काय गं, काय झालं?" माझी मूठ उघडत नाही. तीच एकेक बोट सोडवते. आत काहीच नाही. तळव्यावर फक्त बकलचा चौकोनी वळ आहे, आणि तो ठणकतोय.